पाणी देताना पोलादाच्या आत काय घडतं: छिन्नीपासून स्टीलच्या ताटापर्यंत, स्वतः करून पाहण्याची रीत

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये थोडा वेळ उभं राहिलं की "जॉबला पाणी दे" हे कानावर पडतंच. खेड्यात लोहार ऊसतोडीच्या कोयत्याला पाणी पाजतो, इथे शाफ्टला आणि डायला पाजतात. आयटीआयतून नुकत्याच आलेल्या पोराला कारण विचारा. "गरम लोखंड एकदम गार केलं की आखडतं आणि कडक होतं," असं तो सांगेल. मग त्याला तांब्याची पट्टी लाल करून पाण्यात बुडवायला लावा. बाहेर काढून वाकवली की हातानेच वाकते. स्टेनलेसची पट्टी तशीच तापवून बुडवली तर तीही मऊच निघते. म्हणजे कडकपणा गारव्यातून येत नाही. तापवल्यावर आत अणूंची कोणती मांडणी होती, गार होताना तिला दुसऱ्या कोणत्या मांडणीत जायचं होतं आणि तेवढा वेळ आपण तिला दिला का, यावर सगळं ठरतं. हे एकदा नीट कळलं की रेसिपी पाठ करावी लागत नाही.

दोन मांडण्या

नेहमीच्या तापमानाला लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक बरोबर मधोमध असे बसतात. ही बीसीसी मांडणी. शुद्ध लोखंड ९१२ अंश सेल्सिअसच्या वर नेलं की मधला अणू नाहीसा होऊन सहाही बाजूंच्या मध्यावर अणू येतात, ती एफसीसी. १३९४ अंशांवर ते पुन्हा बीसीसी होतं आणि १५३८ ला वितळतं. आपल्या भट्टीला काम पडतं ते पहिल्या बदलाशीच.

मार्केट यार्डात व्यापारी डाळिंबांचा ढीग रचतो, वरचं फळ खालच्या फळांच्या खोबणीत बसवत. एफसीसीत अणू तसेच दाटीने बसतात. एकूण जागेपैकी ७४ टक्के अणूंनी व्यापलेली असते, बीसीसीत ६८ टक्के. पोलाद म्हणजे लोखंडात मिसळलेला थोडा कार्बन, आणि तो या अणूंमधल्या फटींत बसतो. मग मोकळी जागा जास्त असलेल्या बीसीसीत कार्बन जास्त मावायला हवा, नाही का? होतं उलटंच. बीसीसीतल्या फटी संख्येने पुष्कळ पण अरुंद, एफसीसीतल्या मोजक्या पण रुंद. त्यामुळे एफसीसी लोखंड, म्हणजे ऑस्टेनाइट, २.१४ टक्क्यांपर्यंत कार्बन पोटात घेऊ शकतं (तेही ११४७ अंशांना), तर बीसीसी फेराइटला ७२७ अंशांवरही ०.०२२ टक्क्यांपेक्षा जास्त कार्बन झेपत नाही. पोलादाचं सगळं शास्त्र या फरकावर उभं आहे.

सावकाश गार केलं तर कार्बनला बाहेर पडायला सवड मिळते. तो लोखंडाशी संयोग पावून सिमेंटाइटचे पातळ थर करतो, मधेमधे फेराइटचे थर राहतात आणि पर्लाइट तयार होतं. हे बऱ्यापैकी नरम असतं, कानशीने घासता येतं. झटक्यात गार केलं तर कार्बनला बाहेर पडायची संधीच मिळत नाही. हजारो अणू मिळून एकाच वेळी थोडेथोडे सरकतात आणि एफसीसीची मांडणी मोडते. आत अडकलेल्या कार्बनमुळे नवी मांडणी धड घन होत नाही, एका बाजूने ताणली जाते. हे मार्टेन्साइट. जर्मन धातुशास्त्रज्ञ अडॉल्फ मार्टेन्स यांच्यावरून हे नाव पडलं. ताणलेल्या मांडणीत थर एकमेकांवरून सहज घसरत नाहीत, म्हणून ते कडक असतं आणि त्याच कारणाने ठिसूळही.

आणखी एक गोष्ट मनात पक्की ठेवा. मार्टेन्साइट होताना घनफळ सुमारे ४ टक्के वाढतं. जॉब तडकतो त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

आधी नुसतं बघा

काहीही कडक करायला घेण्याआधी हा बदल डोळ्यांनी पाहून घ्या. जुनी मोठी कानस किंवा बोटाएवढी जाड, जास्त कार्बनची सळई घ्या. दिवेलागणीनंतर, अंधाऱ्या कोपऱ्यात ती नारिंगी होईपर्यंत तापवा, भट्टीबाहेर काढा आणि हवेत धरून टक लावून बघा. रंग हळूहळू उतरत गडद लाल होतो, आणि ७०० अंशांच्या जरा खाली एका क्षणी सळई गार होता होता पुन्हा उजळते. हा भास नाही. एफसीसी मोडून पर्लाइट होताना उष्णता बाहेर पडते आणि तेवढा वेळ सळईचं तापमान घसरायचं थांबतं, कधी थोडं चढतंही. तापवतानाही लक्ष ठेवलं तर याच्या उलटं दिसतं: भोवतालचा भाग उजळत असताना मधे एक काळसर सावली रेंगाळते.

सोलापूरच्या उन्हात हे दिसणं अशक्य. भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ८५० अंशांचा जॉबही मळकट लाल वाटतो, मग माणूस आणखी तापवत जातो. मे महिन्यात इथे कडक केलेल्या कितीतरी छिन्न्या जास्त तापल्यामुळे वाया जातात, असं माझं मत आहे. रंग पाहून काम करायचं असेल तर ते सावलीत किंवा संध्याकाळीच करा.

दुसरी खूण चुंबकाची. भंगारातल्या स्पीकरचं काळं चुंबक तारेला बांधून भट्टीशेजारी लटकवा (चकचकीत निओडिमियम चुंबक उष्णतेने लवकर निकामी होतं). तापलेला जॉब त्याला लावून बघत राहा, एका टप्प्यावर तो चिकटेनासा होतो. इथे मात्र एक फसवणूक आहे. लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंशांवर जातं ते मांडणी बदलल्यामुळे नव्हे, तिथे ते अजून बीसीसीच असू शकतं. जास्त कार्बनच्या पोलादात मांडणीच त्याआधी बदलायला लागते, म्हणून तिथे चुंबक बरीच खरी साक्ष देतं. कमी कार्बनच्या माइल्ड स्टीलमध्ये चुंबक सुटलं तरी बरंचसं फेराइट शिल्लक असतं आणि सगळं ऑस्टेनाइट व्हायला आणखी पाऊणशे ते शंभर अंश लागतात.

छिन्नी: पहिल्यापासून शेवटपर्यंत

साहित्य म्हणून ट्रकच्या किंवा जीपच्या कमानीचा पाटा उत्तम. भंगारात मिळतो, त्यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतो. पाटा मोडून भंगारात आलेला असेल तर मोडलेल्या जागेपासून लांबचा तुकडा घ्या, जवळपास न दिसणाऱ्या चिरा असतात. शंका असेल तर ग्राइंडरवर टेकवा: माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब, सरळ, कमी फाट्यांच्या उडतात, कार्बन वाढेल तशा त्या आखूड होऊन जास्त फुटतात. झिंक चढवलेला कुठलाही तुकडा भट्टीत घालू नका, त्याचा धूर माणसाला आजारी पाडतो.

पाटा आधीच कडक असतो, म्हणून तो नरम करून घ्यावा लागतो. झळझळीत लाल तापवून कोरड्या राखेत पुरा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आता कापता, घासता येईल. आकार देताना ठोकून घेणार असाल तर नारिंगी असतानाच ठोका, गडद लाल झाला की थांबा.

आकार झाला की एक पायरी घाई करणारे हटकून गाळतात. ठोकताना वारंवार तापवल्यामुळे आतले दाणे (ज्यांनी पोलाद बनलेलं असतं ते बारीक स्फटिक) मोठे झालेले असतात. तुकडा चुंबक सुटून जरा पुढे जाईल एवढा तापवा आणि हवेत काळा होईपर्यंत गार होऊ द्या. दोन-तीनदा करा, दर वेळी मागच्यापेक्षा थोडं कमी तापवत. मांडणी बीसीसीतून एफसीसीत आणि परत जाते तेव्हा जुन्या दाण्यांच्या कडांवर नवे बारीक दाणे जन्म घेतात. म्हणजे तो बदल इथे आपल्यासाठी काम करतो, फुकटात. फरक बघायचाच असेल तर दोन टाकाऊ पट्ट्या घ्या, एक पांढरटसर पिवळी होईपर्यंत तापवून आणि दुसरी नीट तापवून बुडवा, नंतर व्हाइसमध्ये धरून मोडा (डोळ्यांवर चष्मा हवाच). पहिलीचा भंग जाडाभरडा आणि चकचकीत निघेल, दुसरीचा बारीक, राखाडी.

मग पाणी देण्याची वेळ. कमानीच्या पाट्याला "पाणी" द्यायचं ते तेलाचं. या पोलादात सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम असतं, त्यामुळे कार्बन बाहेर पडण्याची गती मंदावते आणि तेलाचा सावकाश गारवाही पुरतो. पाण्यात घातलात तर तडकण्याचा धोका उगाच ओढवून घ्याल. साधं कार्बन पोलाद असेल तर गोष्ट वेगळी: ०.८ टक्के कार्बनच्या साध्या पोलादाला साधारण ५५० अंशांच्या टप्प्यावर जेमतेम एखादा सेकंद मिळतो, तेवढ्यात तो टप्पा ओलांडला नाही तर पर्लाइट होऊन बसतं. डेव्हनपोर्ट आणि बेन या अमेरिकी धातुशास्त्रज्ञांनी १९३० मध्ये वेळ आणि तापमानाचे आलेख काढून हे दाखवून दिलं, आणि तेव्हापासून हीट ट्रीटमेंटवाल्यांच्या भिंतीवर ते टांगलेले असतात.

आता सोलापूरपुरती एक सूचना. पाण्यात बुडवायचं असेल तर पाणी थंड हवं, पंचवीसच्या आसपास. उन्हाळ्यात छतावरच्या सिंटेक्स टाकीचं पाणी हाताला चटका देतं. असं पाणी वापरलं की जॉबभोवती वाफेचं पांघरूण टिकून राहतं आणि मधेमधे मऊ डाग पडतात. जमिनीखालच्या हौदातलं पाणी घ्या, सकाळी काम करा, दहा लिटरला किलोभर मीठ घाला. मिठाने वाफेचा थर फुटतो. तेलाचं मात्र उलट: थंड तेल घट्ट असतं आणि उष्णता नीट वाहून नेत नाही, ५०-६० अंशांना तापलेलं तेल जास्त चांगलं काम करतं. लोखंडाचा एक तुकडा तापवून आधी त्यात बुडवला की तेल तयार.

तेलाची बादली लोखंडी हवी, जॉबच्या मानाने मोठी, शेजारी घट्ट झाकण. पेट घेतलाच तर झाकण टाका. जळत्या तेलावर पाणी कधीही नाही. अंगात सुती कपडे आणि पायात चामडी बूट, टेरिकॉट चिकटतं.

छिन्नीचा धारेकडचा चार-पाच इंच भाग ८५० ते ८८० अंशांना, म्हणजे चुंबक सुटल्यावर लालाचा नारिंगीकडे झुकणारा रंग येईपर्यंत, तापवा. पातळ धार आधी तापते, म्हणून आगीत जाड भाग पुढे ठेवा आणि धार शेवटी आणा. रंग सगळीकडे सारखा झाला की जाडीनुसार एक-दोन मिनिटं तसाच राहू द्या. मग एका झटक्यात, सरळ उभी, धारेकडचा दीड-दोन इंच भाग तेलात. आडवी घातली तर एक बाजू आधी आकसते आणि छिन्नी वाकते. बुडवल्यावर खाली-वर हलवत राहा, नाहीतर तेलाच्या रेषेवर कडक आणि मऊ भागाची धारदार सीमा होऊन तिथेच चीर पडते.

इथे थोडं थांबून आत काय चाललंय ते बघू. तेलात गेल्यावर पहिले काही क्षण मार्टेन्साइट होतच नाही, पोलाद नुसतं घाईघाईने गार होत असतं, अजून एफसीसीच. या पोलादात बदल सुरू होतो तो ३०० अंशांच्या खाली कुठेतरी. तिथून पुढे किती मार्टेन्साइट होईल हे किती वेळ थांबलात यावर नव्हे, तर तापमान किती उतरलं यावर ठरतं. म्हणजे फुगण्याचा प्रकार शेवटी, जॉब काळा दिसत असताना होतो. "टिक्" असा आवाज याच वेळी येतो आणि मिस्त्रीचा चेहरा पडतो. बाहेरचा थर आधीच कडक झालेला, आतला आत्ता फुगतोय, मग बाहेरचा फाटतो. म्हणून धारदार कोपरे, खोल खाचा आणि ग्राइंडरचे आडवे ओरखडे बुडवण्याआधीच गुळगुळीत करून घ्यायचे. आणि कडक झालेला जॉब उद्यावर टाकायचा नाही, हाताला सोसवेल एवढा गार झाला की लगेच टेंपरिंग, म्हणजे ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा बेताचं तापवणं.

जुन्या लोहारांची रीत एकाच तापावर दोन्ही कामं करते, आणि छिन्नीसाठी मला तीच आवडते. धार तेलातून काढा, वरचा भाग अजून तापलेला आहे. एमरीच्या तुकड्याने धारेची एक बाजू झटपट चकचकीत करा. वरची उष्णता खाली उतरत येते आणि तिच्यापुढे रंग सरकत येतात: आधी फिकट पिवळा, सुमारे २२० अंश, मग गडद पिवळा, तपकिरी २५५ च्या आसपास, जांभळा २८०, निळा ३०० ला. लोखंड कापायच्या छिन्नीला जांभळा धारेवर पोचला की संपूर्ण छिन्नी तेलात बुडवून थांबवा. हे रंग म्हणजे नुसता ऑक्साइडचा थर, जास्त वेळ ठेवलं तर कमी तापमानालाही तो जाड होतो. तेव्हा घड्याळ विसरून रंगावर भरवसा ठेवता येत नाही. पटाशी, रंधा, पंच असलं काही असेल आणि घरी ओटीजी असेल तर २०० ते २३० वर तासभर ठेवणं जास्त खात्रीचं. तेल नीट पुसून घ्या, नाहीतर त्यानंतरच्या केकला मशीन ऑइलचा वास येईल.

टेंपरिंगमध्ये अडकलेल्या कार्बनपैकी काही बाहेर पडून अतिशय बारीक कार्बाइड होतात, ताणलेली मांडणी थोडी सैल होते. कडकपणा जरा उतरतो, चिवटपणा बराच वाढतो.

तपासायला नवी कानस घ्या. टेंपरिंगआधी ती धारेवरून घसरायला हवी, नंतर जेमतेम पकडायला हवी. छिन्नीचं डोकं, जिथे हातोडा पडतो, ते मात्र मऊच राहू द्या. कडक डोक्याचा कपचा उडून डोळ्यात जातो.

बांधकामावरची सळई

टीएमटी सळई म्हणजे हीच गोष्ट कारखान्यात चालत्या पट्ट्यावर केलेली. लाल सळई पाण्याच्या जोरदार फवाऱ्यातून जाते, बाहेरचा थर मार्टेन्साइट होतो, आत साठलेली उष्णता बाहेर येऊन त्यालाच टेंपर करते आणि गाभा सावकाश फेराइट-पर्लाइट होतो. तुकड्याचं टोक बारीक एमरीने आरशासारखं करून नायट्रिक आम्लाचं अल्कोहोलमधलं पातळ द्रावण लावलं की कडेने काळसर कडं स्पष्ट दिसतं. हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत, हातमोजे घालून करा. कडं तुटक किंवा एका बाजूला सरकलेलं असेल तर माल संशयास्पद. सळई गॅसने लाल करून वाकवली की हे कडंच नाहीसं होतं, हे सेंट्रिंगवाल्यांना कुणीतरी सांगायला हवं.

गार न करता, नुसत्या जोराने

आता गंमतीचा भाग. भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक चुंबक घेऊन येतं आणि ताटाच्या काठाला ते किंचित चिकटलं की "हे स्टील खोटं" म्हणून परत देतं. ३०४ दर्जाचं स्टेनलेस क्रोमियम १८ आणि निकेल ८ टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे साध्या तापमानालाही एफसीसीच राहतं, म्हणून चुंबकाला दाद देत नाही. पण ही एफसीसी मांडणी जेमतेम तग धरून असते. प्रेसमध्ये दाबून, ओढून काठ वळवला की त्या ताणानेच काही भाग एफसीसीतून मार्टेन्साइटमध्ये सरकतो, आणि हे मार्टेन्साइट चुंबकीय असतं. ताटाचा सपाट मध्य चिकटत नाही आणि वळवलेला काठ थोडा चिकटतो, तर ती खोटेपणाची खूण नव्हे.

करून बघा: ३०४ ची पातळ पट्टी घ्या, चुंबक लावून खात्री करा, मग ऐरणीवर गारच ठोका किंवा एकाच जागी पुढे-मागे वाकवा. त्या जागेला चुंबक ओढ दाखवेल. आता ती जागा झळझळीत नारिंगी, १०५० अंशांपर्यंत तापवून पाण्यात बुडवा. ओढ गेली, पट्टी मऊ झाली. कार्बन पोलादाच्या नेमकं उलट, कारण इथे बुडवल्यावर बदलायला एफसीसी तयारच नसतं. हा प्रयोग थंडीच्या सकाळी जास्त ठळक दिसतो, कारण तापमान जितकं कमी तितका ताणाने होणारा हा बदल सोपा.

खरेदीसाठी याचा अर्थ इतकाच की चुंबक एकटं काही सिद्ध करत नाही. मँगनीज घातलेलं २०० मालिकेतलं स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही आणि ते ३०४ पेक्षा लवकर गंजतं. उलट इंडक्शनच्या भांड्याच्या बुडाला मुद्दाम चुंबकीय स्टील लावलेलं असतं.

ताणाने कडक होणाऱ्या दुसऱ्या पोलादाशी इथल्या लोकांचा संबंध येतो तो खडी क्रशरवर आणि रेल्वेत. रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये शोधलेलं, १२-१३ टक्के मँगनीजचं पोलाद क्रशरच्या जबड्यात आणि रुळांच्या क्रॉसिंगमध्ये वापरतात. तेही एफसीसी, चुंबकाला न चिकटणारं. जितका मार बसेल तितका त्याचा पृष्ठभाग कडक होतो, गाभा चिवटच राहतो. पण इथे मार्टेन्साइट जवळपास होत नाही. मांडणी एफसीसीच राहते, तिच्या आत आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे पट्टे पडतात आणि थरांची घसरण अडते. ताणाने कडक झालं म्हणजे मार्टेन्साइटच, असं धरून चालू नका.

जबड्याच्या प्लेटला भोक पाडायची वेळ आलीच तर या गुणाचा त्रास होतो. ड्रिल हलकं दाबून फिरवलं की ते घासतं, घासलेली जागा कडक होते आणि मग ते अजिबात उतरत नाही. कार्बाइडचं धारदार ड्रिल, कमी आरपीएम, पहिल्या क्षणापासून भरपूर दाब, आणि मधे थांबायचं नाही. सेंटर पंचही मारू नका, खूण खडूने करा.